टाकीचा तळ

रायगड जिल्ह्यातल्या खांब गावाच्या एका अंगाला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना, दुसऱ्या अंगाला कोलाडहून आत वळल्यावर रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत. या पट्ट्यातली कितीतरी माणसं फिटर, वेल्डर किंवा ठेकेदाराचे मदतनीस म्हणून कारखान्यांच्या फाटकातून आत जातात. आत सर्वांत मोठी आणि सर्वांत गप्प वस्तू म्हणजे साठवण टाकी. पंप बिघडला तर आवाज करतो. टाकी मात्र वर्षानुवर्षं काही न बोलता झिजते.

झीज बहुधा तळापासून लागते. अंगावरचा गंज रंगाखाली फुगून दिसतो. तळाच्या पत्र्याला वरून मालाखाली साचलेलं पाणी आणि गाळ खातो, खालून ओलसर भराव. कोकणातल्या पावसात पाया आणि पत्रा यांच्या फटीत पाणी शिरलं की ते लवकर सुकत नाही. म्हणून जाणता तपासनीस आधी वाकून टाकीच्या बुडाची कड पाहतो, मग शिडी चढतो.

भरलेल्या टाकीच्या भिंतीची जाडी बाहेरून मोजता येते. पत्र्यावर जेल लावून अल्ट्रासॉनिक मीटरचा प्रोब टेकवायचा. ध्वनिलहर आतल्या बाजूवर आपटून परतायला किती वेळ लागला, यावरून जाडी कळते. एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. त्याच जागेचा जुना आकडा शेजारी ठेवला तरच झिजण्याचा वेग निघतो. तळासाठी मात्र सहसा टाकी रिकामी करून आत उतरावं लागतं. जोडावर साबणाचं पाणी फासून वर काचेची पेटी ठेवतात आणि तिच्यातली हवा ओढून घेतात. भोक असेल तर तिथे फेसाचे बुडबुडे येतात.

या शिस्तीमागे एक मोठा अपघात आहे. २ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे एक टाकी फुटून डिझेल नदीत गेलं. टाकीचा पत्रा चाळीसहून अधिक वर्षं जुना होता, दुसरीकडून आणून पुन्हा उभारलेला. पाणी भरून पूर्ण चाचणी झालीच नव्हती. जुन्या टाक्यांच्या तपासणीचं ‘एपीआय ६५३’ हे मानक त्यानंतर, १९९१ मध्ये आलं. बाहेरून रीतसर तपासणी जास्तीत जास्त ५ वर्षांनी, हा त्यातला मूळ नियम. भारतात तेल उद्योगासाठी ‘ओआयएसडी १२९’ हे मानक आहे, आणि पेट्रोलियम साठ्यांच्या परवान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

माणसं मात्र अनेकदा दुरुस्तीच्या वेळी दगावतात. १२ सप्टेंबर २०२४ रोजी धाटावमधल्या एका कारखान्यात मिथेनॉलच्या टाकीवर वेल्डिंग चालू असताना स्फोट झाला आणि तीन कामगार गेले. मिथेनॉलची वाफ साधारण १२ अंशांवरही ठिणगीने पेट घेऊ शकते. रोह्याची थंडीतली पहाटसुद्धा सहसा त्याहून उबदार असते. माल काढला तरी वाफ उरते, गाळ ढवळला की नवी सुटते. सकाळचं गॅसचं रीडिंग दुपारच्या कामाला चालत नाही, ते याचसाठी.

२०२५ पर्यंत लागू असलेला कारखाने अधिनियम, १९४८ याबाबत स्पष्ट होता. धोकादायक वायूची शक्यता असलेल्या टाकीत शिरण्याआधी जाणकाराने चाचणी करून लेखी दाखला द्यायचा; नाहीतर आत जाणाऱ्याला श्वसनयंत्र आणि पट्टा हवा, आणि पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. पुरेशी संरक्षक साधनं नसतील तर आत नेलेला दिवा २४ व्होल्टच्या वर चालत नसे. कामाच्या शिस्तीत पाइपचा नुसता व्हॉल्व्ह बंद करूनही भागत नाही; प्रत्येक पाइप सोडवून तिथे ब्लाइंड, म्हणजे तोंड बंद करणारी चकती, लावायची असते.

हे सगळं वेळखाऊ आहे. टाकी रिकामी म्हणजे उत्पादन अडतं, म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते आणि दुरुस्ती घाईत उरकली जाते. या घाईची किंमत ठेकेदाराच्या रोजंदारीवरचा माणूस मोजतो. म्हणून कामाचं परमिट मराठीत हवं, कामाच्या जागी लावलेलं हवं. ‘आधी रीडिंग दाखवा, मग टॉर्च पेटवतो’ असं वेल्डरला म्हणता आलं पाहिजे, आणि तसं म्हटल्याबद्दल त्याची त्या दिवसाची हजेरी बुडता कामा नये.