तज्ज्ञाची साक्ष व आपली वानगी

व्यापारी माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. तथापि प्रसंग कोणास सांगून येत नाही. मालाची प्रत, हस्ताक्षर वा हिशेब यांविषयी दिवाणी दावा उभा राहिला, की न्यायाधीशांस जाणकाराचे साहाय्य घ्यावे लागते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमाने ही सोय केली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९ व्या कलमात ती कायम आहे.

परंतु तज्ज्ञ काय सांगू शकतो व काय नाही, हे उमजण्यास आपल्या वडोदऱ्याचाच इतिहास पाहावा. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेयर यांच्या सरबतात विष घातल्याचा बोभाटा झाला. पेल्यातील गाळ मुंबईस रसायन-परीक्षक डॉ. ग्रे यांजकडे गेला व त्यांनी त्यात सोमल असल्याचा निर्वाळा दिला. १८७५ साली मल्हारराव महाराजांच्या चौकशीसाठी सहा जणांचे आयोग बसले. तो दिवाणी दावा नव्हता, पण धडा तोच आहे. पेल्यात सोमल होता, एवढे रसायनशास्त्राने सांगितले. तो कोणाच्या सांगण्यावरून घातला, हे नोकरांच्या जबान्यांवरच अवलंबून राहिले. तीन इंग्रज सभासदांनी महाराजांस दोषी मानले; जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह व सर दिनकरराव यांस आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही.

प्रस्तुत लेखकाने हाच धडा पदरचे मोजून घेतला. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात परगावच्या एका जुन्या आडत्याकडून गहू आला, तो ओला निघाला. आम्ही रागाच्या भरात वानगी काढून परस्पर प्रयोगशाळेत धाडली. ओल प्रमाणाबाहेर असल्याचा दाखला मिळाला आणि आम्ही निर्धास्त झालो. उलटतपासणीत प्रतिपक्षाच्या वकिलांनी तज्ज्ञांस एकच प्रश्न केला, "हा गहू त्याच पोत्यांतला कशावरून?" ते गृहस्थ प्रामाणिक होते. म्हणाले, "मजकडे जे आले ते मी तपासले, ते कोठून आले, हे मला ठाऊक नाही." दाव्याचा जीवच गेला. अखेर तडजोड करावी लागली.

सर्वोच्च न्यायालयानेही २००९ च्या एका निकालात म्हटले आहे की, तज्ज्ञ हा घटनेचा साक्षीदार नव्हे; त्याची साक्ष सल्ल्याच्या स्वरूपाची असते. म्हणून व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे की, वानगी उभयपक्षांच्या समक्ष काढावी. तिचे तीन भाग करून मोहोर, तारीख व सह्या घालाव्यात. एक आपणाकडे, एक प्रतिपक्षाकडे व एक तपासणीस द्यावा. तज्ज्ञाने मताबरोबर कारणेही लिहून द्यावीत आणि आपण त्यास मनाजोगे बोलण्याचा आग्रह कधीही करू नये. प्रतिपक्ष समक्ष येण्यास तयार नसेल, तर वकिलांमार्फत न्यायालयाकडे अर्ज करावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम १०-अ अन्वये शास्त्रीय तपासणीसाठी न्यायालय आयुक्त नेमू शकते.

त्या आडत्यांचे व आमचे घरोब्याचे संबंध दोन पिढ्यांचे होते. त्या दिवशी त्यांस बोलावून एकत्र वानगी काढली असती, तर कदाचित दावाच झाला नसता. गव्हाचे नुकसान पुढल्या हंगामात भरून निघाले. त्यांचे आमच्या पेढीवर येणे मात्र कायमचे थांबले.