आयएल-५ : चुकलं होतं औषध की प्रश्न?

पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की आमच्या आचोळ्यात कुणाचा ना कुणाचा पंप बाहेर निघतोच. ॲलर्जिक दम्यात श्वासनलिकेत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमतात. त्यांना वाढायचा, जगायचा निरोप देणारं प्रथिन म्हणजे इंटरल्युकिन-५. तो निरोपच अडवला तर?

२००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत सौम्य दम्याच्या २४ जणांवर हेच करून पाहिलं. रक्तातले इओसिनोफिल धाडकन उतरले. पण ॲलर्जन हुंगवल्यावर काही तासांनी श्वासनलिका आवळायच्या त्या आवळल्याच. झालं, इओसिनोफिलच्या भूमिकेवरच शंका! मीही एम.एस्सी.च्या वहीत ‘आयएल-५ बिनमहत्त्वाचं’ असं ठोकून दिलं होतं.

आता तुम्ही बघा, रुग्ण कोणते घेतले आणि मोजलं काय? २००९ मध्ये लेस्टरच्या गटाने उपचारांना दाद न देणारा, इओसिनोफिल वाढलेला दमा असलेले ६१ रुग्ण निवडले. अँटीबॉडी तीच, मेपोलिझुमॅब. मोजले ते झटके. प्लासिबो गटात वर्षाला सरासरी ३.४ तीव्र झटके आले, औषधाच्या गटात २.०. फुफ्फुसांच्या क्षमतेत मात्र फारसा फरक नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये दम्यासाठी मान्यता मिळाली, तीही तीव्र इओसिनोफिलिक दम्यापुरतीच.