वादळ दाराशी येईपर्यंत

२ जून २०२० ची संध्याकाळ. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या लोकांना समुद्राची भाषा कळते; मृगाच्या तोंडावर तो फुगणार, गढूळ होणार, हे त्यांना ठाऊक असते. पण त्या दिवशी दुपारीच अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झाले होते. 'निसर्ग' हे बांगलादेशाने सुचवलेले नाव त्याला मिळाले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकणार, असा हवामान खात्याचा इशारा होता. हाताशी उरली होती जेमतेम एक रात्र.

एका रात्रीत काय काय करता येते?

तसे पाहिले तर जूनच्या सुरुवातीला कोकणातले घर तयारच असते. लाकूडफाटा आत घेतलेला, सुकी मासळी डब्यात, कौले शाकारून झालेली. पण ही सारी बेगमी पावसासाठी, वाऱ्यासाठी नव्हे. मंगलोरी कौले रिपांवर एकमेकांत अडकवून नुसती ठेवलेली असतात. वारा एकदा खिडकीतून आत घुसला की तो छपराला खालून उचलतो. म्हणून अशा वेळी सर्वांत मोठे काम म्हणजे दारे-खिडक्या घट्ट लावून त्यांना आतून अडसर घालणे. पत्रे दोराने आवळून बांधायचे. अंगणातली बादली, शिडी, फळी, जे जे उडू शकेल ते आत घ्यायचे. वीज गेली की पंप बंद, म्हणून हंडे, कळशा, पिंपे भरून ठेवायची. रेशनकार्ड आणि सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत. गोठ्यातल्या गुरांची दावी सोडायची; छप्पर कोसळले तर त्यांना निदान पळता तरी येते.

एक गोष्ट मात्र सुदैवाची होती. बऱ्याच होड्या आधीच किनाऱ्याला लागल्या होत्या. नोव्हेंबर २००९ मधले 'फयान' आठवणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

खरा पेच होता घर सोडण्याचा. किनाऱ्यालगतच्या कच्च्या घरांतून हजारो लोकांना हलवायचे होते आणि तेही कोरोनाच्या दिवसांत! दोन महिने 'घराबाहेर पडू नका, गर्दी करू नका' असे ऐकलेल्या माणसांना आता एका रात्रीत घर सोडून एका छताखाली जमायचे होते. मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांकडे तर गाव आधीच जरा बिचकून पाहत होते. एखाद्या म्हाताऱ्या आजीने उंबरठा सोडायला नकार दिला, तर तो हट्ट म्हणणे सोपे आहे. पण तिच्यापुढे एक धोका नव्हता, दोन होते. आणि त्यांतला एकच दिसणार होता.

३ जूनला सकाळपासून वारा वाढत गेला. साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक. मुंबईत त्या दिवशी बंगळूरहून, म्हणजे देवनहळ्ळीच्या विमानतळावरून, आलेले एक मालवाहू विमान ओल्या धावपट्टीवरून पुढे घसरले आणि मग काही तास मुंबईचा विमानतळच बंद राहिला. मुंबई थोडक्यात बचावली. रायगडचे तसे झाले नाही.

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडच्या घरांवरची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक गावांनी पुढचे काही आठवडे अंधारात काढले. आधीच हलवल्यामुळे पुष्कळ माणसे वाचली. पण वाडीला कोण हलवणार? सुपारीच्या झाडाला शेंड्याशी एकच कोंब असतो. खोड मोडले की ते पुन्हा फुटत नाही. रोठा सुपारीसाठी नावाजलेल्या श्रीवर्धनात वाड्याच्या वाड्या काडीसारख्या मोडून पडल्या.

सरकारने फळबागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. आकडा मोठा वाटतो. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते, आणि एका गुंठ्याला हे होतात ५०० रुपये.

नव्या रोपाला सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. ज्यांनी त्याच पावसाळ्यात पुन्हा लावणी केली, त्यांच्या रोपांना वर्षही झाले नव्हते. तोच, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ गुजरातेकडे जाताना याच किनाऱ्यासमोरून गेले. पुन्हा हंडे भरले गेले, पुन्हा खिडक्यांना अडसर लागले.