कोनी कंस, चौकोनी कंस आणि एक डायोड

संगणकावर सर्किट तपासताना विद्यार्थी पडद्यावर चित्र काढतो, सिम्युलेटर मात्र ते चित्र पाहतच नाही. चित्राची आधी ओळींची यादी होते, तिला नेटलिस्ट म्हणतात. बहुतेक वेळा एका घटकाची एक ओळ. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून लॉरेन्स नेगल आणि डोनाल्ड पेडरसन यांनी १९७३ मध्ये जगापुढे मांडलेल्या ‘स्पाइस’ या सिम्युलेटरची ही लिपी. आयआयटी मुंबईत घडलेल्या ‘ई-सिम’ या सर्किट-सॉफ्टवेअरच्या पोटातही स्पाइसचाच वंशज ‘एनजीस्पाइस’ चालतो.

‘एलटीस्पाइस’ या स्पाइसच्याच एका अवताराच्या मदतपुस्तिकेत डायोडची ओळ साधारण अशी दिसते:

डीएनएनएन अॅनोड कॅथोड <मॉडेल> [एरिया] [ऑफ] [टेम्प=<मूल्य>]

पहिलं अक्षर ‘डी’ अढळ आहे. घटक डायोड आहे हे सिम्युलेटरला त्यावरूनच कळतं. रेझिस्टरला ‘आर’, कपॅसिटरला ‘सी’, बायपोलर ट्रान्झिस्टरला ‘क्यू’. पुढच्या ‘एनएनएन’च्या जागी आपण ठेवू ते नाव. मग दोन नोड, म्हणजे डायोडची टोकं जिथे जोडली आहेत ते बिंदू. ‘रामाने रावणाला मारले’ हे शब्द मराठीत कसेही फिरवा, विभक्ती अर्थ सांभाळते. इथे विभक्ती नाही, जागा हाच अर्थ. दोन नोडांची अदलाबदल झाली की डायोड उलटा बसतो आणि सिम्युलेटर हूं की चूं करत नाही, कारण लिहिण्याच्या नियमांत ओळ अगदी बरोबर असते.

खरी मेख कंसांत आहे. इथे कोनी कंस सांगतो की या जागी तुमचा शब्द घाला, कंस मात्र लिहू नका. १९६० च्या अल्गोल या संगणकभाषेच्या अहवालापासून रुळलेली ही रीत. चौकोनी कंसातलं गाळलं तरी चालतं. पण बर्कलीच्या मूळ पुस्तिकेत ‘गाळलं तरी चालेल’ हे सांगायलाच कोनी कंस वापरले आहेत! म्हणजे एका पुस्तिकेत जे अत्यावश्यक, ते दुसरीच्या खुणांनी वाचलं तर ऐच्छिक ठरेल. म्हणून नवी पुस्तिका हाती घेतली की खुणांचा खुलासा आधी वाचावा. प्रयोगशाळेत तयार उदाहरणं उतरवून घेण्याची सवय आपल्याकडे फार आहे. माझ्या मते पहिलं प्रात्यक्षिक ही एक ओळ वाचण्याचंच असावं.

काही गोष्टी मात्र कंसही सांगत नाहीत. स्पाइस पंचकार्डांच्या काळात वाढलं, लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही. त्यामुळे ‘एम’ म्हणजे कायम मिली. मेगासाठी ‘मेग’ लिहावं लागतं. दहा लाख ओहमचा रेझिस्टर नुसता ‘१एम’ लिहिला की ओहमच्या हजाराव्या भागावर येतो, शंभर कोटी पटींची घट. कपॅसिटरच्या आकड्यापुढे फॅरड म्हणून लावलेला नुसता ‘एफ’ फेम्टो समजला जातो. आणि फाइलची पहिली ओळ नेहमी शीर्षक धरली जाते. नेटलिस्ट हाताने लिहिताना तिथेच रेझिस्टर टाकला, तर तो सर्किटात येतच नाही.