प्रशिक्षक बदलला की संघ किती बदलतो?

ब्लूमिंग्टनला शिकणाऱ्या भाच्याने परवा विचारलं, "मामा, आमची इंडियाना इतकी कशी सुधारली?" अमेरिकन फुटबॉल माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून इथेच लिहितो.

२०२३ मध्ये इंडियाना विद्यापीठाने १२ पैकी ९ सामने गमावले होते. इतिहासात ७०० हून जास्त पराभव! मग कर्ट सिग्नेटी मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२४ मध्ये ११ विजय, फक्त २ पराभव.

एकटा माणूस हे करत नाही. या खेळात चढाई आणि बचाव यांचे खेळाडू वेगळे, डावपेच वेगळे आणि ते आखणारे प्रशिक्षकही वेगळे. सिग्नेटींनी जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले दोन्ही सहकारी सोबत आणले: चढाईला माइक शॅनाहन, बचावाला ब्रायंट हेन्स. शिवाय तिथले १३ खेळाडूही आले. त्यामुळे डावपेचांची भाषा पहिल्याच सरावापासून ड्रेसिंग रूममधल्या या १३ जणांना कळत होती, बाकीच्यांना शिकवायला ही मुलं होतीच. मला तरी खरं कारण हेच वाटतं.

हे दोघे २०२५ मध्येही टिकले. कॅलिफोर्नियाहून क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू) फर्नांडो मेंडोझा आला. १६ पैकी १६ सामने जिंकून, जानेवारी २०२६ मध्ये मायामीला २७-२१ ने हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. तो सामना बघताना माझे डोळे भरून आले होते.

तुमच्या आवडत्या संघाचा अंदाज बांधायचा असेल, तर आधी बघा: मुख्य प्रशिक्षकाचे सहकारी किती वर्षं एकत्र आहेत?

नियमांबद्दल काही अडलं तर खुशाल विचारा, सवडीने सांगतो.