पुराणातली वांगी आणि वाशीमचा ताम्रपट

इथे जळगाव जामोदला गप्पांत कुणी पुराणाचा दाखला दिला, की 'पुराणातली वांगी पुराणात' असे म्हणून आम्ही विषय मिटवतो. वाकाटक सम्राट पहिल्या प्रवरसेनाबद्दल वाचताना मीही प्रथम तेच म्हणालो होतो.

पुराणांत राजवंश भविष्यकाळात सांगितले आहेत. विंध्यशक्तीचा पुत्र प्रवीर साठ वर्षे राज्य करील, वाजपेय यज्ञ करील आणि त्याचे चारही पुत्र राजे होतील, असे तिथे म्हटले आहे. हा प्रवीर म्हणजेच प्रवरसेन, असे अभ्यासक मानतात. वाकाटकांच्या ताम्रपटांत त्याच्या यज्ञांत वाजपेय येतो, शिवाय चार अश्वमेधही येतात. अडचण होती ती पुत्रांची. ताम्रपटांना ठाऊक होता एकच, गौतमीपुत्र. आणि राज्य तर त्याच्या मुलाकडे, पहिल्या रुद्रसेनाकडे गेलेले.

१९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या ३७व्या राज्यवर्षी तो दिला. वंशावळ संस्कृतात, पुढचा मजकूर प्राकृतात. त्यात तो सर्वसेनाचा पुत्र आणि प्रवरसेनाचा नातू आहे. प्रवरसेनाचा दुसरा राजपुत्र असा हाती लागला. त्यानंतर वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला झिजलेला लेख पुन्हा तपासला, तेव्हा तिथेही आधी चुकीचे वाचलेले नाव 'सर्वसेन' निघाले.

म्हणून लेख खरा आणि ग्रंथ खोटा, असेही नाही. दिमिष्कचा अरामी राजा हजाएल पाहा. बायबल म्हणते, इस्राएल व यहूदाच्या राजांना येहूने मारले. १९९३-९४ मध्ये तेल दान येथे सापडलेल्या अरामी शिलालेखातला राजा म्हणतो, मी मारले. हा राजा हजाएलच, असे बहुतेक विद्वानांचे मत. विजयाचा लेख राजाच कोरवून घेतो; त्याने फुशारकी मारली नसेल कशावरून? दोन्ही साक्षी एकमेकींसमोर उभ्या करूनच निवाडा करावा लागतो.

प्रवरसेनाच्या खटल्यात निवाडा अर्धाच झाला आहे. साठ वर्षांना लेखाचा पुरावा नाही, आणि चारांतले दोघे अजून बेपत्ता आहेत. म्हणून वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांना मी सांगतो: नांगराला तांब्याचा पत्रा लागला, तर मोडीत घालण्याआधी त्यावर अक्षरे आहेत का ते पाहा. पुराणातली वांगी कधी कधी आपल्याच वावरात निघतात.