अनोळखी जोडीदार, ओळखीचं पाऊल

लंडनच्या हॅरोमधल्या एखाद्या डान्स क्लबात दोन-तीन वर्षं बॉलरूम शिकलेली बाई उद्या टोकियोला गेली आणि तिथल्या हॉलमध्ये एका जपानी गृहस्थाने तिच्यापुढे हात केला, तर काय होईल? एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही, नावंही ठाऊक नाहीत. पण संगीत सुरू झालं की चार-सहा ठोक्यांत दोघं हॉलभर फिरू लागतील. ती बरीचशी मागे मागे जात असेल, म्हणजे कुठे चाललोय हे तिला दिसतही नसेल. पुढचं पाऊल कुठलं, हे कोणी सांगणार नाही. तरी ते बरोबर पडेल आणि कोणाचा पाय कोणाच्या पायाखाली येणार नाही.

यामागे शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये बैठका घेऊन, हुज्जत घालून ठरवलेली एक व्यवस्था आहे. ती ज्यांनी बसवली त्यांच्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे हॅरोच्या टेकडीवरच्या एका शाळेतून पळून गेलेला मुलगा.

हॅरो आपल्याला माहीत असतं ते पंडित नेहरूंमुळे. १९०५ ते १९०७ ते हॅरो स्कूलमध्ये होते. त्यांच्या शंभर वर्षं आधी त्याच शाळेत लॉर्ड बायरन शिकत होता. बायरनच्या उजव्या पायात जन्मापासून व्यंग होतं, त्यामुळे नाचणं त्याच्या वाट्याला आलंच नाही. पुढे जर्मन मुलखातून वॉल्ट्झ इंग्लंडात आला, तेव्हा याच बायरनने १८१३ साली टोपणनावाने एक अख्खी उपहासकविता लिहून त्याची टर उडवली. तो एकटा नव्हता. १८१६ मध्ये दरबारी समारंभात वॉल्ट्झ झाला, तर ‘द टाइम्स’ने त्याला असभ्य परदेशी नाच म्हणून झोडपलं. तोवरच्या नाचांत रांगा असत, रिंगणं असत, बोटांना बोटं लागत आणि सुटत. वॉल्ट्झमध्ये पुरुषाचा हात थेट बाईच्या पाठीवर गेला आणि गाणं संपेपर्यंत तिथेच राहिला. सगळा गहजब त्या हातापायी झाला. आज हॅरोच्या लेजर सेंटरमधल्या मोठ्या सभागृहाला ‘बायरन हॉल’ म्हणतात, हा काळाने उगवलेला छानसा सूड.

त्याच टेकडीवर दुसरी एक शाळा आहे, जॉन लायन स्कूल. शेजारच्या वेम्ब्लीच्या धर्मगुरूंचा मुलगा, १९०० साली जन्मलेला व्हिक्टर सिल्व्हेस्टर, इथे शिकत होता. पंधरा वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा खोटं वय सांगून तो पहिल्या महायुद्धात लढायला पळाला. परत आला तर लंडनला नाचाचं वेड लागलेलं. हॅरॉड्स या बड्या दुकानात दुपारी चहासोबत नाच चालत. तिथे जोडीदार म्हणून उभं राहायचं काम त्याला मिळालं. १९२२ मध्ये फिलिस क्लार्कबरोबर तो बॉलरूमचा जगज्जेता झाला.

त्या काळी लंडनमध्ये जॅझच्या तालावर जो तो मनाला येईल तसा नाचत होता. अमेरिकेहून दर महिन्याला नवीन टूम यायची. एका हॉलमध्ये शिकलेलं दुसऱ्या हॉलमध्ये चालेलच असं नव्हतं. १९२० मध्ये ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी शिक्षकांची परिषद बोलावली आणि तिथून निवडानिवड सुरू झाली. काय ठेवायचं, काय टाकायचं, पाऊल टाचेवर की चवड्यावर, वळायचं तर किती. १९२४ मध्ये इम्पीरियल सोसायटी या शिक्षकांच्या संस्थेने बॉलरूमची स्वतंत्र शाखा काढली. अभ्यासक्रम आखणाऱ्या तिच्या समितीत सिल्व्हेस्टर होता, नृत्यशिक्षिका जोसेफीन ब्रॅडली होती. १९२९ पर्यंत वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप आणि टँगो यांचा पाया पक्का झाला होता. त्यालाच पुढे जग ‘इंग्लिश स्टाइल’ म्हणू लागलं. टोकियोतले गृहस्थ आणि हॅरोतली बाई हीच शैली शिकलेले असतात.

आता यातलं एकच वळण जवळून पाहू. वॉल्ट्झमध्ये नवशिक्याला सुरुवातीलाच शिकवतात ते ‘नॅचरल टर्न’, म्हणजे उजवीकडची गिरकी. वॉल्ट्झचे ठोके तीन. तीन ही विषम संख्या आणि माणसाला पाय दोन. गंमत इथे आहे. नेणारा उजवा पाय पुढे टाकतो, डावा बाजूला नेतो, उजवा त्याला जुळवतो आणि अंगाचा भार त्यावर घेतो. तीन ठोके झाले, डावा पाय मोकळा. मग पुढचे तीन ठोके डाव्याने सुरू होणार, तेही मागे. डावा मागे, उजवा बाजूला, डावा जुळव. सहा पावलांत पाऊण गिरकी होते आणि उजवा पाय पुन्हा मोकळा मिळतो. आधी मागे जाणारी बाई दुसऱ्या तीन पावलांत पुढे येते, आणि तो मागे जातो. दादऱ्यावर वाढलेल्या कानाला हे लगेच कळतं. तिथेही तीन-तीनचे दोन भाग आणि सहा मात्रांचं आवर्तन. पहिल्या तीनवर सम, दुसऱ्या तीनवर खाली.

यात भर पडते ती चढउताराची. पहिलं पाऊल टाचेवर पडतं. ते संपता संपता अंग वर उचलायला लागतं, दुसऱ्या-तिसऱ्याला दोघं चवड्यांवर असतात आणि तिसऱ्याच्या अखेरीस अलगद खाली येतात. टँगोत हा चढउतार अजिबात नाही. हॉलच्या दारातून नुसती डोकी पाहिली, तरी आत काय चाललंय ते जाणत्याला ओळखू येतं. डोकी लाटेसारखी वरखाली होत असतील तर वॉल्ट्झ, एका पातळीत सरकून मध्येच झटका देत असतील तर टँगो.

वेगही ठरलेला. वॉल्ट्झ मिनिटाला साधारण ३० बार, म्हणजे ९० ठोके. क्विकस्टेप ५० बार, पण चार-चार ठोक्यांचे, म्हणजे २०० ठोके. त्यात पुढे घुसलेला व्हिएनीज वॉल्ट्झ ६० बार, १८० ठोके. तबकड्या मात्र हा वेग पाळत नसत. वादक रंगात आले की लय बदलायची आणि क्लासातली पोरं अडखळायची. वैतागून सिल्व्हेस्टरने १९३५ मध्ये स्वतःचाच वाद्यवृंद काढला. गाणं कुठलंही असो, लय पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत जराही हलणार नाही. त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७८ पर्यंत, त्याच्या साडेसात कोटी तबकड्या खपल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात तो बीबीसी रेडिओवरून नाच शिकवत असे. पावलं सावकाश सांगायची, ऐकणाऱ्यांनी कागदावर उतरवून घ्यायची आणि घरातली सतरंजी गुंडाळून करून बघायची. ‘स्लो, स्लो, क्विक-क्विक, स्लो’ हे त्याचं पालुपद देशभर लोकांच्या तोंडी बसलं होतं.

पावलं ठरली, वेग ठरला, पण जोडीला नेमकं आता काय करायचं हे कळतं कसं? नवशिक्या पुरुषाला वाटतं, हाताने ढकलायचं. ढकललं की बाई अडखळते. बॉलरूममध्ये दोघं समोरासमोर, पण किंचित डावीकडे सरकून उभे राहतात. त्यामुळे प्रत्येकाचा उजवा पाय समोरच्याच्या दोन पायांच्या मधल्या जागेत जातो. त्याचा उजवा हात तिच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर, तिचा डावा हात त्याच्या दंडावर, दुसरे हात एकमेकांत. या चौकटीला ‘फ्रेम’ म्हणतात. ती ताठ नको आणि ढिलीही नको. लग्नघरात भाताचं भरलेलं पातेलं दोघं दोन कानांना धरून नेतात, तेव्हा पुढचा वळला की मागच्याला सांगावं लागत नाही, पातेलंच सांगतं. फ्रेम हे त्या पातेल्याचं काम करते. नेणाऱ्याचं अंग आधी हलतं, त्याची खबर पाठीवरच्या हातातून पोचते, पाय त्यानंतर येतात. तिला पावलं पाठ असतात, पण कुठलं कधी येणार हे ती आधीच ठरवत नाही. अंदाज बांधून आधीच निघणं ही नाचातली सगळ्यात जुनी खोड. शिक्षक त्याबद्दल सगळ्यात जास्त बोलतात.

एकाच वेळी फरशीवर वीस जोड्या असतात, त्यांचाही नियम आहे. सगळ्यांनी हॉलच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. प्रदक्षिणेची सवय असलेल्या आपल्याला ते पहिल्यांदा वाकडं वाटतं. पण हॅरोत गुजराती वस्ती मोठी आहे, आणि नवरात्रात गरब्याचं रिंगण असंच उलटं फिरताना दिसतं.

हॅरो, पिनर, रेनर्स लेन या पट्ट्यातली घरं बहुतांश १९२० आणि ३० च्या दशकांत मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या कडेने उठली, म्हणजे इंग्लंड बॉलरूमने झपाटलं होतं त्याच काळात. नव्या वस्तीत कोणी कोणाला ओळखत नव्हतं. ओळख करून घ्यायला चर्चचा हॉल आणि शनिवारचा नाच होता. अशा इंग्लिश क्लबांची संध्याकाळ आजही साधारण ठरलेल्या वळणाने जाते. आधी तासभर वर्ग, नवशिक्यांचा वेगळा. मग दिवे थोडे मंद होतात आणि मोकळा नाच सुरू होतो. मध्यंतरात चहा-बिस्किटं आणि रॅफलची तिकिटं. खुर्च्या मांडणारे, दारात पैसे घेणारे, कपबशा विसळणारे सगळे सभासदच. अध्यक्ष, खजिनदार, वार्षिक सभा आणि चहाच्या दर्जावरून होणारी कुरबुर, हे सगळं आपल्या कुठल्याही मंडळासारखं. बुटांबाबत मात्र कडक शिस्त. तळाला मऊ चामडं, बायकांच्या टाचांना प्लास्टिकची टोपणं, म्हणजे लाकडी फरशी खरवडली जात नाही.

एकटं येणाऱ्यांची सोयही या नाचांनी केव्हाच करून ठेवली आहे. ‘पॉल जोन्स’मध्ये बायकांचं आतलं आणि पुरुषांचं बाहेरचं अशी दोन रिंगणं उलटसुलट फिरतात. संगीत थांबलं की समोर जो असेल त्याच्याशी नाचायचं. निवडीचा संकोच नाही, नकाराची भीती नाही. ‘सीक्वेन्स’ नाचांत सगळ्या जोड्या तीच १६ किंवा ३२ बारची रचना एकाच वेळी करतात. १९०० साली रचलेला ‘व्हेलेटा’ अजूनही त्यांत असतो. चुकलात तर शेजारच्या जोडीकडे बघायचं. ज्यांना परीक्षा आवडतात त्यांच्यासाठी कांस्य, रौप्य, सुवर्ण अशी पदकं आहेत. सत्तरीतल्या बाई ‘माझी ब्राँझ आहे पुढच्या महिन्यात’ म्हणत पाठांतर करत असतात.

त्या पाठांतराला वैद्यकातही जागा मिळाली आहे. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जो व्हर्गीस आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास छापला. कोणाला स्मृतिभ्रंश होतो आणि कोणाला होत नाही, हे ते वर्षानुवर्षं पाहत होते. वाचन, वाद्य वाजवणं, पटावरचे खेळ यांचा संबंध कमी धोक्याशी दिसला. शारीरिक हालचालींमध्ये मात्र असा संबंध एकाच गोष्टीचा दिसला, नाचाचा. नाचल्यामुळेच मेंदू टिकला, असं यावरून म्हणता येत नाही. ज्यांचा मेंदू शाबूत आहे तेच नाचायला जात असतील. पण नाच हा त्या यादीतला वेगळा प्रकार आहे हे उघड आहे. पावलं आठवायची, ठोका ऐकायचा, गर्दी चुकवायची आणि समोरच्याचं अंग वाचायचं, तेही सगळं एकाच क्षणी.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. गोव्याच्या दिवाणखान्यांतला मांडो युरोपीय दरबारी नाचांशी नातं सांगतच उभा राहिला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि ताजमध्ये बँड वाजवणारे गोव्याचे चिक चॉकलेट यांनी मिळून १९५१ च्या ‘अलबेला’त पाश्चात्त्य नाचाचे ठेके घरोघरी पोचवले, आणि भगवानदादांनी ते पायात उतरवले. हॅरोपासून थोड्याच अंतरावर, डॉलिस हिलला, १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तिथल्या गणपतीला येणाऱ्या पायांना ठेका नवा नाही. नवा असतो तो अनोळखी माणसाच्या हातात हात देण्याचा धीर.

आणि तो धीर नियमांतूनच येतो. हात कुठे ठेवायचा हे ठरलेलं आहे, म्हणून तो तिथे ठेवताना अवघडायला होत नाही. गाणं संपलं की आभार मानून जोडीदाराला जागेवर पोचवायचं हेही ठरलेलं आहे, म्हणून हो म्हणणं सोपं जातं. बायरनच्या काळाला जी जवळीक बेताल वाटली, तिला सिल्व्हेस्टरच्या पिढीने ताल दिला.

ही माणसं त्यांच्या काळाची होती. त्यांच्या पुस्तकांत पावलांची दोन कोष्टकं असत, एक पुरुषाचं, एक बाईचं. पण दोन्ही बाजू इतक्या चोख लिहून ठेवल्या की कोणीही कुठलीही शिकावी. क्लबांत पुरुष नेहमीच कमी, त्यामुळे बायका केव्हापासून एकमेकींना नेत आल्या आहेत. २०२० मध्ये बीबीसीच्या ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’मध्ये मुष्टियोद्धी निकोला ॲडम्स आणि कात्या जोन्स ही दोन बायकांची पहिली जोडी उतरली, तेव्हा नाचाचा एकही नियम बदलावा लागला नाही. कोणी नेणार आणि कोणी साथ देणार, एवढंच आधी ठरलं की पुरतं. नवरा यायला तयार नाही म्हणून थांबलेल्या हॅरोतल्या मराठी बायकांनी हे ध्यानात ठेवावं. मैत्रिणीला घ्या आणि मऊ तळाचे बूट घाला.